सेल्फ बदलला आणि गाडीचा करंटच गेला? नवं वायरिंग टाकण्याआधी या ५ जागा तपासा

स्टार्टर, सोलेनॉइड किंवा रिले बदलल्यावर गाडी पूर्ण ‘मेली’ तर बहुतेक वेळा मोठा बिघाड नसतो. जोडायची राहिलेली वायर, सैल नट किंवा उडालेला फ्यूज एवढंच कारण असू शकतं. ते कसं शोधायचं आणि कुठे थांबायचं, समजून घेऊया.

रात्री नऊ वाजता मामाचा फोन आला. “अगं, तू इंजिनीअर ना? गाडी बघ जरा.” मामा सोलापूर जिल्ह्यात राहतात. त्यांचा जुना डिझेल टेम्पो पहाटे तीनला भाजी घेऊन बाजार समितीत जातो. त्या संध्याकाळी गावातल्या मेकॅनिकने अंगणातच टेम्पोचा सेल्फ बदलला होता. बॅटरी परत जोडली आणि चावी फिरवली, तर डॅशबोर्डवर एकही दिवा नाही. हॉर्न नाही, हेडलाइट नाही. सेल्फने ‘टक’सुद्धा केलं नाही. मेकॅनिक म्हणाला, “वायरिंग जळलंय. सगळं नवीन टाकावं लागेल, बारा हजार धरून चला. उद्या दुपारी बघू.” मेथी आणि कोथिंबीर मात्र टेम्पोत भरून झाली होती.

मी मेकॅनिकल शाखेची पदवीधर असले तरी गॅरेजमध्ये काम केलेलं नाही. पण “वायरिंग जळलंय” हे मला पटेना. जळलं असतं तर वास आला असता, धूर दिसला असता. तसं काही झालं नव्हतं. आम्ही व्हिडिओ कॉलवर एकेक जागा तपासत गेलो. टेम्पो सुरू झाला का, ते शेवटी सांगते. आधी मूळ प्रश्न.

सेल्फचा आणि बाकीच्या दिव्यांचा संबंध काय?

आपल्याला वाटतं, बॅटरीतून एक वायर सेल्फला जाते आणि दुसरी स्वतंत्रपणे दिव्यांना. अनेक गाड्यांत, विशेषतः जुन्या कार, जीप आणि टेम्पोत, असं नसतं. बॅटरीच्या प्लसमधून निघालेली जाड केबल थेट स्टार्टरच्या मोठ्या बोल्टवर येते. त्याच बोल्टवरून एक वायर फ्यूज बॉक्सकडे जाते आणि एक अल्टरनेटरकडून, म्हणजे गॅरेजच्या भाषेत डायनॅमोकडून, येते.

म्हणजे हा बोल्ट गावातल्या एसटी स्टँडसारखा आहे. सगळ्या गाड्या इथूनच सुटतात. स्टार्टर काढताना या सगळ्या वायरी सोडाव्या लागतात. परत लावताना जाड केबल विसरणं शक्य नसतं, कारण ती समोरच दिसते. पण बाजूची बारीक वायर इंजिनमागे सरकली, तर ती सहज राहून जाते. मग बॅटरी ठणठणीत असते, सेल्फ नवा असतो आणि फ्यूज बॉक्सपर्यंत वीज पोहोचतच नाही.

यात आणखी एक घोळ होतो. स्टार्टरवरच्या सोलेनॉइडला दोन मोठे बोल्ट असतात आणि ते जवळजवळ सारखेच दिसतात. एकावर बॅटरीची केबल येते. दुसऱ्यावरून वीज मोटरच्या आत जाते. फ्यूज बॉक्सची वायर चुकून या दुसऱ्या बोल्टवर बसवली, तरी गाडी पूर्ण बंद दिसते, कारण सेल्फ मारल्याशिवाय त्या बोल्टवर वीज येतच नाही. बॅटरीची केबलच तिथे लागली, तर टर्मिनल जोडताक्षणी मोठी ठिणगी पडते आणि चावी न लावताच मोटर घरघरू लागते. असं झालं तर टर्मिनल लगेच काढा आणि पुन्हा जोडून बघू नका.

आधी लक्षण ओळखा

‘करंट गेला’ या दोन शब्दांत चार वेगळे बिघाड लपलेले असतात. पाना हातात घेण्याआधी आपला कोणता, ते ठरवा.

• सगळं मेलेलं : दिवे, हॉर्न, सेल्फ, काहीच नाही. बॅटरीचं टर्मिनल, अर्थिंग, मुख्य फ्यूज किंवा स्टार्टरच्या बोल्टवरची वायर तपासा.

• दिवे लागतात, पण सेल्फ मारताच सगळं विझतं : कुठला तरी जोड सैल किंवा गंजलेला आहे, नाहीतर बॅटरी उतरली आहे.

• दिवे व्यवस्थित आहेत, पण सेल्फ ‘टक’ही करत नाही : सोलेनॉइडवरची बारीक क्लिपवाली वायर निसटलेली असू शकते. चावीची आज्ञा हीच वायर पोहोचवते. ऑटोमॅटिक गाडीत गिअर ‘पी’ किंवा ‘एन’मध्ये आहे ना, तेही बघा.

• गाडी सुरू होते, पण डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा राहतो आणि काही तासांनी सगळं बंद पडतं : अल्टरनेटरची वायर जोडायची राहिली आहे. गाडी फक्त बॅटरीवर चालते आहे आणि बॅटरी भरत नाही.

दिवा लागतो, मग सेल्फ का फिरत नाही?

बहुतेकांची फसगत इथेच होते. “दिवे लागतायत म्हणजे बॅटरी आणि वायरी ठीक आहेत,” असं आपण म्हणतो. पण आतला छोटा दिवा अर्धा अँपिअरही घेत नाही. कारच्या सेल्फला मात्र साधारण १०० ते २०० अँपिअर लागतात आणि डिझेल गाडीला त्याहून जास्त.

दहावीतला ओहमचा नियम इथे उपयोगी पडतो. समजा, बॅटरीच्या टर्मिनलवर गंज आहे आणि त्या जोडाचा रोध ०.१ ओहम आहे. डॅशबोर्ड आणि छोटे दिवे मिळून २ अँपिअर घेत असतील, तर त्या जोडात फक्त ०.२ व्होल्ट वाया जातात. दिव्यांना फरक कळतही नाही.

आता सेल्फ मारा. सेल्फचा स्वतःचा रोध ०.०५ ओहम धरू. एकूण रोध ०.१५ ओहम झाला, म्हणजे १२ व्होल्टवर ८० अँपिअर वाहतील. त्यातले ८ व्होल्ट गंजलेल्या जोडातच खर्च होतील आणि सेल्फसकट सगळ्या गाडीला उरतील ४. म्हणून दिवे अचानक विझतात आणि सेल्फ फिरत नाही. त्या जोडात ६४० वॅट उष्णताही तयार होते. घरातली इस्त्री साधारण ७५० ते १००० वॅटची असते, यावरून अंदाज करा. सेल्फ मारून झाल्यावर एखादं टर्मिनल चटका बसेल इतकं गरम लागत असेल, तर दोष तिथेच आहे.

तपासायच्या ५ जागा

सुरुवात करण्याआधी हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलला ठेवा आणि चावी काढा. हातातली अंगठी, कडं आणि धातूचं घड्याळ उतरवा. काही शे रुपयांत मिळणारा साधा मल्टिमीटर असेल तर उत्तम. तो ‘डीसी २० व्होल्ट’वर ठेवा.

१. बॅटरीची टर्मिनल

टर्मिनल हाताने हलवून बघा. जरासं जरी फिरलं तरी ते सैल आहे. मग मीटरच्या दोन टोकांनी बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर व्होल्टेज मोजा. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे अर्धी आणि १२च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी.

यानंतर हेडलाइटचं बटण चालू ठेवून एक टोक खुंटीवर आणि दुसरं तिच्याच क्लॅम्पवर लावा. इथे शून्याच्या जवळ आकडा यायला हवा. एक-दोन व्होल्ट आले तर मधल्या पांढऱ्या-हिरव्या थराने वीज अडवली आहे. क्लॅम्प काढा, दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने चकचकीत करा आणि घट्ट बसवा.

२. अर्थिंगची केबल

बॅटरीच्या मायनसची केबल बॉडीला आणि इंजिन किंवा गिअरबॉक्सला जोडलेली असते. काही गाड्यांत बॉडी आणि इंजिन यांच्यामध्ये वेगळी पट्टी असते. स्टार्टर ज्या बोल्टने बसतो, त्याच बोल्टखाली काही गाड्यांत ही अर्थिंगही असते. मग स्टार्टर बदलताना ती सुटते आणि राहते, किंवा रंग आणि ग्रीस लागलेल्या जागेवर बसते.

ओळखायची सोपी युक्ती आहे. जंपर केबलची काळी वायर घ्या. एक टोक बॅटरीच्या मायनसला लावा आणि दुसरं इंजिनच्या स्वच्छ, रंग नसलेल्या धातूला. पट्ट्यापासून आणि पंख्यापासून केबल लांब ठेवा. आता दिवे आले किंवा सेल्फ फिरला, तर दोष अर्थिंगचाच.

हा दोष अंगावर काढू नका. अर्थिंगची वाट बंद असेल तर वीज दुसरी वाट शोधते. अॅक्सिलरेटर किंवा गिअरच्या लोखंडी केबलमधून ती बॉडीकडे जाते. शंभर अँपिअर सोसायला ती केबल बनवलेली नसते. ती तापते आणि तिचं प्लास्टिक वितळू शकतं.

३. मुख्य फ्यूज

बॅटरी न काढता स्टार्टर सोडायला घेतला आणि पाना एकाच वेळी प्लसच्या बोल्टला आणि बॉडीला लागला, तर थेट शॉर्ट होतो. अशा वेळी काही गाड्यांत मुख्य फ्यूज उडून बाकीचं वायरिंग वाचवू शकतो. अनेक कारमध्ये तो ८० ते १२० अँपिअरचा असतो आणि बॅटरीजवळच्या डब्यात स्क्रूने बसवलेला असतो. काही गाड्यांत तो प्लसच्या क्लॅम्पवरच असतो.

जुन्या गाड्यांत फ्यूजच्या जागी ‘फ्यूजिबल लिंक’ असते, म्हणजे मुद्दाम बारीक ठेवलेला वायरचा तुकडा. त्याचं आवरण साबूत दिसतं आणि आतली तार वितळलेली असते. हलकेच ओढून बघा. रबरासारखा ताणला गेला तर तो गेला.

फ्यूज नुसता बघून सोडू नका. मीटरने दोन्ही बाजू मोजा. एका बाजूला १२ आणि दुसऱ्या बाजूला शून्य असेल, तर निकाल लागला. त्याच अँपिअरचा फ्यूज टाका. तोही लगेच उडाला, तर शॉर्ट अजून कायम आहे. तिथे थांबा.

४. स्टार्टरचा मोठा बोल्ट

बॅटरीचा मायनस काढून टॉर्चने नीट बघा. बोल्टवर किती थिंबल आहेत? आसपास एखादी रिंगवाली वायर मोकळी लोंबतेय का? नट घट्ट आहे का? थिंबल एकमेकांवर सपाट बसल्या आहेत, की मध्ये रबरी टोपी अडकली आहे? सोलेनॉइडच्या दुसऱ्या बोल्टवर काही चुकीचं तर लागलं नाही ना?

जुना सेल्फ सोडतानाचा फोटो असेल तर शेजारी ठेवून ताडून बघा. मोबाइल घालून व्हिडिओ काढला तर इंजिनच्या मागची बाजूही दिसते.

५. फ्यूज बॉक्स आणि इग्निशनचा कप्लर

इथवर सगळं ठीक असेल, तर मीटरचं काळं टोक बॅटरीच्या मायनसला धरून लाल टोक पुढेपुढे न्या. आधी बॅटरीचा प्लस, मग स्टार्टरचा बोल्ट, मग मुख्य फ्यूजची पलीकडची बाजू आणि शेवटी फ्यूज बॉक्स. जिथे १२ व्होल्ट गायब होतात, त्याच्या लगेच अलीकडे दोष असतो. वायरिंगचं नवं ‘हार्नेस’ टाकण्याआधी ही पाच मिनिटांची तपासणी झालीच पाहिजे.

एक सावधगिरी घ्या. हेडलाइट किंवा पार्किंग लाइटचं बटण चालू ठेवूनच मोजा. तारेचा एकच धागा शिल्लक असला, तरी वीज वाहत नसताना मीटर १२ व्होल्ट दाखवतो. भार आला की तो आकडा कोसळतो.

स्कूटर-बाइकवाल्यांनी हे वाचा

दुचाकीत मोटरपेक्षा ‘सेल्फ रिले’ बदलण्याची वेळ जास्त येते. रिलेला दोन जाड वायरी असतात, एक बॅटरीकडून आणि एक मोटरकडे. शिवाय एक छोटा कप्लर असतो. अनेक बाइकमध्ये पूर्ण गाडीची वीज याच कप्लरमधून जाते आणि २० किंवा ३० अँपिअरचा मुख्य फ्यूजही रिलेच्या डोक्यावरच बसतो.

म्हणून नवा रिले लावल्यावर बाइक पूर्ण बंद असेल, तर आधी तीन गोष्टी बघा. कप्लर ‘टक’ आवाज येईपर्यंत आत बसला आहे का? जुन्या रिलेतला फ्यूज नव्यात टाकला आहे का? नवा रिले त्याच मॉडेलचा आहे का? बाहेरून सारख्या दिसणाऱ्या रिलेत पिनांची मांडणी वेगळी असू शकते.

२०२०मध्ये बीएस-६ नियम आल्यानंतर बहुतेक दुचाकी फ्युएल इंजेक्शनवर गेल्या आणि अनेक मॉडेलची किकही गेली. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल पंपाला आणि ईसीयूला वीज लागते. त्यामुळे मुख्य फ्यूज उडालेला असताना धक्का मारून गाडी सुरू होत नाही. दम घालवण्याआधी सीटखालचा फ्यूज बघा. त्याच डब्यात अनेकदा एक जादा फ्यूजही ठेवलेला असतो.

या चुका करू नका

• फ्यूजच्या जागी तार, चांदी किंवा नाणं लावू नका. पुढचा शॉर्ट झाला की फ्यूजऐवजी वायर जळेल आणि आग लागू शकते.

• बॅटरी काढताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी. मायनस काढलेला असेल, तर पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही.

• स्क्रू-ड्रायव्हरने सोलेनॉइडचे दोन बोल्ट जोडून सेल्फ फिरवायची ‘देशी युक्ती’ टाळा. गाडी गिअरमध्ये असेल तर ती अंगावर येते.

• बॅटरीजवळ बिडी-सिगारेट, काडेपेटी नको. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो पेट घेतो.

• इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून ‘डायनॅमो तपासू’ नका. व्होल्टेज उसळून ईसीयू खराब होऊ शकतो. त्याऐवजी इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मोजा. साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट आले, तर चार्जिंग ठीक आहे.

• हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी रंगाच्या केबलला हात लावू नका. तिथे शेकडो व्होल्ट असतात. ते काम प्रशिक्षित तंत्रज्ञाचंच.

कुठे थांबायचं? जळका वास येतोय, वायर गरम लागतेय, नवा फ्यूज लगेच उडतोय किंवा गाडी वॉरंटीत आहे, अशा वेळी मायनस काढून ठेवा आणि ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा.

काच आपोआप चढत नाही, घड्याळ बारावर आलं, रेडिओ कोड मागतोय, आयडलिंग थोडं वरखाली होतंय, हे मात्र बिघाड नाहीत. बॅटरी काढल्यामुळे गाडीची स्मृती पुसली जाते. काचेची आणि रेडिओची पद्धत मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

गॅरेजमधून निघताना

बिल देण्याआधी एवढं करा. गाडी तीन वेळा बंद करून सुरू करा. हेडलाइट, हॉर्न आणि वायपर लावून बघा. इंजिन चालू असताना बॅटरीचा लाल दिवा विझतो का, ते पाहा. जुना सेल्फ परत मागा. बिलावर पार्टचं नाव, मजुरी आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्या.

दुरुस्तीनंतर नवा बिघाड उभा राहिला, तर “हे आधीपासूनच होतं” हे उत्तर लगेच मान्य करू नका. आधी दिवे लागत होते आणि काम झाल्यावर बंद झाले, तर पहिला संशय त्या कामावरच घ्यायला हवा. पैसे घेऊन दिलेल्या सेवेतली त्रुटी २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. दोन्हीकडे पक्कं बिल हाच आपला आधार असतो.

आणि मामांचा टेम्पो?

बॅटरीवर १२.५ व्होल्ट आले. मीटर शेजारच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून आणला होता. अर्थिंग घट्ट होती. मुख्य फ्यूजच्या दोन्ही बाजूंना शून्य. माझी इथेच गडबड झाली. मी म्हणाले, “मामा, फ्यूज गेलाय.” मग लक्षात आलं, फ्यूज उडाला असता तर अलीकडच्या बाजूला १२ व्होल्ट दिसायला हवे होते. दोन्हीकडे शून्य म्हणजे वीज फ्यूजपर्यंत पोहोचतच नाही. दोष त्याच्या आधी, म्हणजे स्टार्टरच्या बोल्टवर.

मामांनी मायनस काढला आणि मोबाइल खाली घालून व्हिडिओ पाठवला. बोल्टवर जाड केबल आणि एक बारीक वायर होती. मागे, गिअरबॉक्सच्या वर, धुळीत माखलेली दुसरी एक रिंग दिसत होती. ती कुठेच जोडलेली नव्हती. बारा नंबरचा पाना, थोडा पॉलिश पेपर आणि वीस मिनिटं. मायनस शेवटी लावल्यावर टेम्पोच्या आतला दिवा लागला आणि फोनवर मामींचा आवाज आला, “लागला, लागला!”

मेकॅनिकला दोष देत बसायचं नाही, असं मामांनीच ठरवलं. अंधार पडत आला होता आणि बिचारा घाईत होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला ती रिंग दाखवली, तेव्हा त्याने संध्याकाळच्या कामाची निम्मी मजुरी परत केली. आता तो प्रत्येक गाडीचा बोल्ट सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढतो, असं मामा सांगतात. तुमच्या गाडीचा सेल्फ कोणी सोडत असेल, तर तो फोटो तुम्हीही काढून ठेवा.